पॉवर शेवटी विचारा
(नभोवाणी भाषणाचे संपादित शब्दांकन)



नेमबाजी शिकवणाऱ्याला ओळखीचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात. पनवेलसारख्या गावात तर तो जास्तच कानावर येतो. ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब इथल्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत उभा राहिला आणि तेव्हापासून या परिसरातल्या घराघरांत रायफल, छर्रे, जॅकेट हे शब्द रुळले. प्रश्न असा असतो : ‘सर, दुर्बीण घ्यायची म्हणतोय. किती पॉवरची घेऊ?’

प्रश्न साधा आहे. पण त्याच्या मागे घरातले साठवलेले पैसे असतात आणि बहुतेक वेळा एखाद्या मुलाचं किंवा मुलीचं एक अख्खं वर्ष असतं. म्हणून आज थोडं सविस्तर बोलू. माझं सांगणं एका वाक्यात मावेल. पॉवर हा शेवटचा प्रश्न आहे, त्याच्या आधी चार-पाच प्रश्न सोडवावे लागतात. ते सुटले की पॉवरचं उत्तर आपोआप मिळतं. न सोडवता घेतलेली दुर्बीण मात्र कपाटात जाऊन बसते.

पहिला प्रश्न : स्पर्धा कोणती? हा विचारायचं कारण ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. त्याच्या रायफलवर दुर्बीण नव्हती. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेत्या झाल्या. त्यांच्याही रायफलवर नव्हती. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोमध्ये १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला, तोही दुर्बिणीशिवाय. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली, ती एका बारीक भोकातून आणि एका कड्यातून पाहून.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या १०, ५० आणि ३०० मीटर रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालत नाही. चष्म्याचा नंबर असेल तर त्यासाठी भिंग लावता येतं, प्रकाश कमी करणारी काच लावता येते, पण वस्तू मोठी करून दाखवणारी दुर्बीण लावता येत नाही. गोळी कुठे लागली हे पाहायला स्टँडवर वेगळी दुर्बीण ठेवता येते. रायफलवर मात्र मागे पीप साईट आणि पुढे गोल कडं, एवढंच. आपल्याकडे मावळंकर स्पर्धेपासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतचे रायफलचे हे प्रकार याच नियमांनी चालतात. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक अध्यक्ष झाले, त्यांच्या नावाची ही स्पर्धा. त्यात उतरायचं ठरवलेल्या मुलासाठी दुर्बीण घेणं म्हणजे पोहण्याच्या शर्यतीसाठी होडी घेण्यासारखं आहे.

कळंबोलीहून येणारी एक मुलगी होती, नववीतली. वडिलांनी हौसेनं स्प्रिंगची एअर रायफल आणि तिच्यावर २४ पॉवरची दुर्बीण घेऊन दिली होती. महिनाभर तिनं घराजवळच्या बंदिस्त जागेत वडिलांच्या देखरेखीखाली सराव केला आणि मग दोघं माझ्याकडे आले. मुलगी म्हणाली, ‘सर, माझा हात फार थरथरतो. मला हे जमायचं नाही.’ मी दुर्बिणीतून पाहिलं. दहा मीटरवरची वस्तू चोवीस पटीनं पाहणं म्हणजे ती डोळ्यापासून जेमतेम ४२ सेंटिमीटरवर धरणं. तिथे माणसाच्या छातीचे ठोकेसुद्धा दिसतात. तिचा हात तिच्या वयाच्या कुठल्याही मुलीसारखाच होता. दुर्बीण तो चोवीस पटीनं मोठा करून दाखवत होती. आम्ही दुर्बीण काढून ठेवली आणि तिच्या हाती क्लबची पीप साईटवाली रायफल दिली. तिचा हात तोच राहिला, पण भीती गेली. वडिलांना मी एवढंच म्हणालो, ‘दादा, आता पैसे छर्‍यांसाठी ठेवा.’

या पीप साईटमध्येही निवड असतेच, आणि ती दुर्बिणीच्या निवडीची उत्तम तालीम आहे. पुढच्या साईटमध्ये बसवायची कडी वेगवेगळ्या मापांची मिळतात. नव्या नेमबाजाला वाटतं, कडं जितकं घट्ट तितका नेम चोख. होतं उलटच. टार्गेटच्या काळ्या भागाभोवती पांढरी किनार फार बारीक राहिली की ती क्षणोक्षणी नाहीशी होते, डोळा गोंधळतो, मन घाबरतं आणि बोट ट्रिगरवर अडून बसतं. किनार जरा रुंद ठेवली की गोलात गोल बसल्याची खात्री डोळा पटकन देतो. दोन वर्तुळांचं केंद्र एक आहे की नाही हे ओळखण्यात माणसाचा डोळा विलक्षण तरबेज आहे. खूण जाड नको आणि बारीकही नको, डोळ्याला शांत ठेवणारी हवी, हा धडा इथेच मिळतो.

मग दुर्बीण लागते कुठे? जिथे नियम तिला परवानगी देतात तिथे. एफ-क्लास नावाचा लांब पल्ल्याचा प्रकार आहे. कॅनडाच्या जॉर्ज फार्कुहारसन या नेमबाजानं तो रुजवला, त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर त्याला मिळालं. आडवं झोपून, रायफल टेकूवर ठेवून, थेट १००० यार्डांपर्यंत म्हणजे ९१४ मीटरपर्यंत नेम धरायचा. त्याशिवाय टेबलावर रायफल ठेवून नेम धरायचा बेंचरेस्ट प्रकार आहे आणि एअर रायफलचा फील्ड टार्गेट प्रकार आहे. या सगळ्यांत दुर्बीण हवीच. पण लांब पल्ला म्हटला की दुर्बीण आलीच, असंही समजू नका. इंग्लंडमधल्या बिझ्ली इथल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेची शेवटची फेरी ९०० आणि १००० यार्डांवर होते आणि ती आजही पीप साईटनंच खेळतात.

दुर्बिणीचा खरा उपयोग नीट समजून घेतला पाहिजे. साध्या साईटमध्ये डोळ्याला मागचं भोक, पुढचं कडं आणि टार्गेट अशा वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टींचा मेळ घालावा लागतो. चाळिशी लागल्यावर पुढचं कडं धूसर होतं आणि चांगले जुने नेमबाज हिरमुसतात. दुर्बीण आतली खूण आणि टार्गेट एकाच प्रतलात आणून ठेवते. डोळ्याला एकाच ठिकाणी पाहायचं असतं. हा मोठा फायदा आहे. पण दुर्बीण हात स्थिर करत नाही, ट्रिगर नीट दाबत नाही आणि वारा थांबवत नाही. नेहमीच्या ७.६२ मिलिमीटरच्या मॅच काडतुसाची गोळी १००० यार्डांवर जाताना ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यानं दोन मीटरहून जास्त बाजूला सरकते. तिथलं मधलं वर्तुळ असतं १० इंचांचं. म्हणजे उत्तम दुर्बिणीतून सुस्पष्ट दिसणाऱ्या टार्गेटलाही गोळी स्पर्श न करता जाऊ शकते.

दुसरा प्रश्न : माप कोणतं? दुर्बिणीच्या वर आणि बाजूला दोन नॉब असतात. ते फिरवले की टकटक आवाज होतो, त्याला क्लिक म्हणतात. एका क्लिकला नेम किती सरकतो हे नॉबवर लिहिलेलं असतं. हे माप कोनाचं असतं आणि त्याच्या दोन पद्धती आहेत. एक मिनिटाची. पंचांगात ग्रहांची स्थिती अंश, कला, विकला अशी देतात, त्यातली कला म्हणजेच हे मिनिट, अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटिमीटर, आणि १०० यार्डांवर जवळजवळ एक इंच. दुसरी पद्धत मिलिरेडियनची, तिला नुसतं मिल म्हणतात. अंतराचा हजारावा भाग म्हणजे एक मिल. १०० मीटरवर १० सेंटिमीटर, १००० मीटरवर एक मीटर.

पनवेलकरांना मिल समजावायला कर्नाळ्याचा सुळका बरा. तो सुमारे ३८ मीटर उंच आहे. समजा तुम्ही त्याच्यापासून १० किलोमीटरवर उभे आहात. १० किलोमीटरचा हजारावा भाग १० मीटर, म्हणजे तिथून एक मिल बरोबर १० मीटर आणि सुळका ३.८ मिल उंच दिसणार. उंची माहीत असेल तर अंतर काढता येतं आणि अंतर माहीत असेल तर उंची. मापाचं सगळं गणित एवढंच. फक्त ते करायला हातातली पक्षी पाहायची दुर्बीण घ्या. रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीतून डोंगर, पक्षी, माणसं कधीही पाहायची नाहीत, कारण दुर्बीण जिकडे वळते तिकडे नळीही वळते.

मिनिट चांगलं की मिल, यावर नेमबाज तासन्‌तास वाद घालतात. वाद फुकटचा आहे. दोन्ही मापं बरोबर आहेत. चूक होते ती मिसळ केल्यावर. आतली खूण मिलमध्ये आणि नॉब मिनिटात अशा दुर्बिणी बाजारात पुष्कळ काळ विकल्या गेल्या. त्यात गोळी खुणेच्या दीड घरानं उजवीकडे लागली की डोक्यात गुणाकार करत बसावं लागतं, आणि तेवढ्यात वारा बदलतो. खूण आणि नॉब एकाच मापाचे घ्या. म्हणजे दीड घर दिसलं की दीड घर फिरवायचं. रेंजवरचे सहकारी जे माप बोलतात तेच घेतलं तर आणखी बरं, कारण शेजारी ओरडून सांगतो तो आकडा थेट वापरता येतो.

क्लिक किती बारीक हवी, तेही अंतरावरून ठरतं. पाव मिनिटाची क्लिक ३०० मीटरवर सुमारे २.२ सेंटिमीटर सरकवते, मिलच्या दहाव्या भागाची क्लिक ३ सेंटिमीटर. ३०० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ १० सेंटिमीटरचं असतं, तिथे दोन्ही चालतात. १००० यार्डांवर मिलची तीच क्लिक ९ सेंटिमीटर होते आणि एफ-क्लासचं सर्वांत आतलं वर्तुळ आहे ५ इंचांचं, म्हणजे १२.७ सेंटिमीटर. म्हणून तिथे पुष्कळ जण मिनिटाच्या आठव्या भागाची क्लिक पसंत करतात, ती ३.३ सेंटिमीटर पडते.

तिसरा प्रश्न : खूण कशी? दुर्बिणीत दिसणाऱ्या या रेघांना रेटिकल म्हणतात. तिची गोष्ट सतराव्या शतकातली. विल्यम गॅस्कॉइन नावाच्या इंग्रज खगोल अभ्यासकाच्या दुर्बिणीत कोळ्याचा धागा शिरला आणि तो ताऱ्यांसोबत स्पष्ट दिसू लागला, तिथून दुर्बिणीत तार बसवून कोन मोजायची कल्पना निघाली, असं सांगतात. मोजणीदारांच्या थिओडोलाइटमध्येही अशीच उभी-आडवी तार असते.

आज रेटिकलचे प्रकार पाहिले तर गरगरायला होतं. साधी फुली, फुलीच्या मध्यावर ठिपका, रेघांवर मोजणीचे दात, आणि खालच्या बाजूला झाडासारखी पसरलेली ठिपक्यांची जाळी. ही जाळी अंतरं बदलत जाणाऱ्या, वेळेचं बंधन असलेल्या स्पर्धांसाठी आहे, जिथे नॉब फिरवायला सवड नसते. ठरलेल्या अंतरावरच्या कागदी टार्गेटसाठी तिची गरज नाही. तिथे टार्गेट जितकं उघडं दिसेल तितकं बरं. बारीक फुली, मध्यावर लहान ठिपका, आणि वाऱ्यासाठी आडव्या रेघेवर थोड्या खुणा, एवढं पुरतं. मिनिटाच्या आठव्या भागाचा ठिपका १००० यार्डांवर सुमारे ३.३ सेंटिमीटर झाकतो, म्हणजे आतलं वर्तुळ त्याच्याभोवती दिसत राहतं. एक मिनिटाचा ठिपका घेतलात तर दहा इंचांचं वर्तुळ अख्खं त्याच्याखाली जाईल. पण ठिपका अतिबारीकही नको. काळ्या टार्गेटवर काळी बारीक खूण हरवते आणि डोळा ती शोधत बसतो. मघाशी कड्याच्या बाबतीत सांगितलं तेच इथेही.

इथेच आणखी एक निवड येते. काही दुर्बिणींत पॉवर वाढवली की खूणही टार्गेटबरोबर मोठी होते, त्यांना फर्स्ट फोकल प्लेन म्हणतात. त्यांच्या खुणेचं माप कुठल्याही पॉवरवर खरं असतं, पण जास्त पॉवरवर रेघा जाड दिसतात आणि कमी पॉवरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सेकंड फोकल प्लेनमध्ये, खूण नेहमी तेवढीच दिसते. मात्र तिचं माप एकाच पॉवरवर खरं असतं, बहुधा सर्वांत जास्त पॉवरवर. २४ वर खरी असलेली खूण १२ वर वापरली तर प्रत्येक घर दुप्पट मोजायचं. एकाच ठरलेल्या अंतरावर, टार्गेटवर शांतपणे नेम धरणाऱ्याला दुसरा प्रकार सोयीचा आणि सहसा स्वस्तही. अंतरं आणि पॉवर सारखी बदलणाऱ्यानं पहिला घ्यावा.

चौथी गोष्ट पॅरॅलॅक्स. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळचा खांब लांबच्या डोंगरावरून सरकतो, तसंच इथे होतं. टार्गेटची प्रतिमा आणि खूण नेमकी एकाच प्रतलात नसेल तर डोळा किंचित हलताच खूण टार्गेटवरून सरकते. रायफल मात्र हललेली नसते. ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण १०० मीटरला जुळवलेली असेल आणि तुम्ही ३०० मीटरवर नेम धरलात, तर डोळा कडेला गेल्यावर ही चूक ४ सेंटिमीटरपर्यंत जाते. दहा मीटरवर तीच दुर्बीण वापरली तर पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास, आणि दहा मीटरचं काळं वर्तुळ आहे जेमतेम ३ सेंटिमीटरचं. म्हणून बाजूला पॅरॅलॅक्सचा नॉब असलेली दुर्बीण घ्या. रायफल टेकूवर ठेवून डोकं हळूच वरखाली करा, खूण टार्गेटवर चिकटून राहीपर्यंत नॉब फिरवा. त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा तुमच्या डोळ्यावर विश्वास ठेवा. त्याआधी डोळ्याकडची काच मात्र आपल्या नजरेला जुळवून घ्या. पांढऱ्या भिंतीकडे दोन-तीन सेकंदच पाहायचं आणि नजर काढायची, नाहीतर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. सूर्याकडे दुर्बीण चुकूनही वळवायची नाही, दृष्टी जाते.

पाचवी गोष्ट बसवणी, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. ७.६२ ची रायफल १०० यार्डांवर जुळवली असेल तर १००० यार्डांसाठी नॉब ३५ ते ४० मिनिटं वर न्यावा लागतो. दुर्बिणीची एकूण चाल ६० मिनिटं असेल तर मध्यापासून वर उरतात ३०, म्हणजे नॉब मध्येच अडतो. त्यासाठी २० मिनिटांचा उतार दिलेली पट्टी खाली बसवतात. ३० किंवा ३४ मिलिमीटरची जाड नळी घेण्याचं मुख्य कारणही हेच, आत चालीला जागा मिळते. जाड नळीतून उजेड जास्त येतो, हा गैरसमज आहे.

रायफल तिरकी धरण्याचा हिशोबही ऐका. एवढ्या अंतरावर गोळीसाठी सुमारे दहा मीटरची उंची दिलेली असते. रायफल एकच अंश कलली तर गोळी १७ सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणून दुर्बीण बसवताना समोर ओळंबा सोडा, गवंडी भिंतीला लावतो तोच, आणि उभी रेघ त्याच्याशी जुळवा. रायफलवर पाण्याचा छोटा लेव्हलही बसवा. रिंगा चांगल्या घ्या आणि त्यांचे स्क्रू सांगितलेल्या ताकदीनंच आवळा. सैल रिंगांत बसवलेली महागडी दुर्बीण म्हणजे पावसात भिजलेलं घड्याळ. आणि स्प्रिंगच्या एअर रायफलवर दुर्बीण लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. मोठ्या रायफलचा धक्का सोसणाऱ्या दुर्बिणीची भिंगंही त्यानं ढिली होतात. त्या कामासाठी बनवलेलीच घ्या.

आता आली पॉवर. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर, एवढा रुंद प्रकाशाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १० पॉवरवर ५ मिलिमीटर, २५ वर २ आणि ४० वर सव्वा. दिवसा आपली बाहुली दोन ते तीन मिलिमीटर उघडी असते. म्हणजे पंचविसाच्या पुढे चित्र अंधारत जातं आणि डोळा ठेवायची जागा अरुंद होत जाते. शिवाय आपल्या हवेत ऊन चढलं की जमिनीवरून वाफा उठतात. दुर्बिणीतून ते मृगजळ वाहताना दिसतं आणि पॉवर वाढवाल तितकं टार्गेट उकळत्या पाण्यातल्यासारखं हलतं. जाणकार नेमबाज अशा वेळी पॉवर कमी करतात आणि मृगजळ कुठल्या बाजूला वाहतंय यावरून वारा ओळखतात. म्हणून १००० यार्डांच्या स्पर्धकाला जास्त पॉवर उपयोगी पडते हे खरं, पण ती कमी करता येणारी हवी. भिंग स्वच्छ असेल तर २० पॉवरमध्ये जे दिसतं ते हलक्या भिंगाच्या ४० मध्ये दिसत नाही.

कोकणपट्टीतल्या घरांसाठी एक वेगळी सूचना. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, भिंगांना का येणार नाही? नायट्रोजन भरून सीलबंद केलेली नळी आतून धुरकटत नाही, पण बाहेरच्या काचांना बुरशी धरतेच. दुर्बीण कातडी किंवा फोमच्या पेटीत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या मधूनमधून वाळवा. रुमालानं किंवा शर्टाच्या टोकानं काच पुसू नका. आधी ब्रशनं धूळ उडवा.

घेण्याआधी परीक्षा कशी करायची, तेही सांगतो. दुकानात दिव्याखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात. दुर्बीण रायफलवर बसवलेली नसताना, संध्याकाळच्या उजेडात, लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचून पाहा. कडेची अक्षरं मधल्याइतकी स्वच्छ आहेत का ते बघा. मग रेंजवर, रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, पक्क्या टेकूवर बसवा. बरोबर १०० मीटरवर एक उभी मोजपट्टी लावा. मिलची दुर्बीण असेल तर दहा मिल फिरवल्यावर खूण बरोबर एक मीटर सरकली पाहिजे आणि उलट फिरवल्यावर जागच्या जागी परत आली पाहिजे. सरकताना ती बाजूला गेली तर बसवणी तिरकी आहे. चार-दोन वेळा करून परत आली नाही, तर ती दुर्बीण कितीही स्वच्छ दाखवो, घेऊ नका. लांब पल्ल्याच्या नेमबाजाचं सगळं गणित त्या परत येण्यावर उभं असतं.

आणि कायद्याची बाजू. काडतुसाच्या रायफलसाठी शस्त्र परवाना, मान्यताप्राप्त क्लबचं सदस्यत्व आणि अधिकृत रेंज या तिन्हींशिवाय पाऊल टाकू नका. परदेशातून दुर्बीण मागवायची असेल तर आयातीचे नियम क्लबकडे आणि जाणकार विक्रेत्याकडे आधी विचारून घ्या. आपल्याकडे ३०० मीटर आणि त्यापुढची नेमबाजी मुख्यत्वे लष्करी आणि निमलष्करी दलांच्या नेमबाजांनी जोपासली आहे. तेव्हा आपल्याला खरोखर कुठल्या अंतरावर नेम धरायला मिळणार आहे, हे पैसे मोजण्याआधी स्वतःला विचारा. ५० मीटरच्या रेंजवर आयुष्य जाणार असेल तर १००० यार्डांची दुर्बीण घेऊन मिरवण्यात अर्थ नाही.

तेव्हा प्रश्नांचा क्रम असा ठेवा : स्पर्धा कोणती? अंतर किती? माप कोणतं? खूण कशी? पॅरॅलॅक्स आणि बसवणीची सोय काय? आणि मग पॉवर किती? पैशांचे वाटे करतानाही हाच क्रम पाळा आणि एक मोठा वाटा सरावाच्या गोळ्यांसाठी बाजूला काढा. वारा वाचायला, श्वास सोडून थांबायला आणि ट्रिगर हळूच दाबायला त्या गोळ्याच शिकवतात.